दगडी कुऱ्हाडीला पॉलिश कशासाठी? जाणून घ्या हजारो वर्षं जुनी टेक्नॉलॉजी

फोन सपाट पडला तर बऱ्याचदा वाचतो, पण कोपऱ्यावर पडला की काच गेलीच समजा. काचेच्या कडेला डोळ्यांना न दिसणारे बारीक टवके असतात. धक्का बसला की सगळा ताण अशा टवक्याच्या टोकाशी गोळा होतो आणि तिथून तडा धावत सुटतो. म्हणूनच स्क्रीनची काच कापल्यावर तिच्या कडा घासून गुळगुळीत करतात. हीच युक्ती माणसाने हजारो वर्षांपूर्वी दगडावर वापरली. त्यातून आली घासलेली, म्हणजे पॉलिश केलेली दगडी कुऱ्हाड.

आधी एक गोंधळ दूर करूया. नेटवर सर्च केलं तर दोन वेगळ्याच वस्तू एकत्र दिसतात. एक म्हणजे हातकुऱ्हाड. ती लाखो वर्षं जुनी, नुसते टवके उडवून बनवलेली, हातात धरायची. दुसरी आपली घासलेली कुऱ्हाड, जी लाकडी दांड्यात बसवायची. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या नेवाशाला दोन्ही सापडल्या आहेत: नदीच्या जुन्या गोट्यांच्या थरात हातकुऱ्हाडी, आणि सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत घासलेल्या. तिथलं उत्खनन १९५४ ते १९५६ मध्ये डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली झालं.

बनवायची कशी?

दगड निवडण्यातच निम्मं काम. आपल्याकडे पसंती होती डोलेराइटला. हा बेसाल्टचाच भाऊबंद, काळा आणि चिवट. आधी मोठे टवके उडवून साधारण त्रिकोणी आकार काढायचा. मग त्याला ठोकत बसायचं. घरच्या पाट्याला टाकी लावताना पाहिलं असेल तर हे लगेच कळेल, फक्त इथे उंचवटे घालवायला ठोकायचं. शेवटी पाणी आणि वाळू घालून मोठ्या खडकावर घासायचं. हे सगळ्यात कंटाळवाणं काम, आणि खरी कमाईही इथेच. टवके गेले की तडा सुरू व्हायला जागा कमी उरते, आणि धार बोथट झाली तर पुन्हा घासता येते. कुऱ्हाड फेकून द्यावी लागत नाही.

ती खरंच चालते का? १९५० च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी संग्रहालयातली खरी पाती घेऊन जंगलात प्रयोग केला. आजच्या लोखंडी कुऱ्हाडीसारखा खांद्यावरून जोरात घाव घातला की पातं तुटायचं. मग त्यांनी कोपरातून छोटे, भराभर घाव घालून पाहिले. एका पात्याने शंभरावर झाडं पडली, तीही नव्याने धार न लावता!

सुरुवात कुठे झाली?

शाळेच्या पुस्तकात घासलेली हत्यारं म्हणजे शेती, म्हणजे नवाश्मयुग, असं सरळ गणित असतं. ते पूर्ण खरं नाही. ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागात अशा कुऱ्हाडीचा नखाएवढा टवका मिळाला आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्याचं वय ४४ ते ४९ हजार वर्षं निघालं. जपानमध्येही सुमारे ३८ हजार वर्षांपूर्वीच्या घासलेल्या धारेच्या कुऱ्हाडी आहेत. दोन्हीकडे तेव्हा शेतीचा पत्ता नव्हता. म्हणजे ही युक्ती एकाच जागेहून जगभर गेली नाही, वेगवेगळ्या लोकांना ती वेगवेगळ्या वेळी सुचली.

मग वस्तू कुठून आली हे कसं कळतं?

मुंबई-नाशिक हायवेवर भिवंडीजवळच्या वडपे गावाकडे गेलात तर गोदामंच गोदामं दिसतील. तिथे पार्सलवरचा बारकोड स्कॅन केला की माल कुठून निघाला ते कळतं. दगडाचा बारकोड म्हणजे त्यातली खनिजं आणि मूलद्रव्यं. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप काढला की त्यातून उजेड आरपार जातो आणि मायक्रोस्कोपखाली खनिजं ओळखता येतात. क्ष-किरणांचं एक हातात धरायचं यंत्रही असतं, दिसायला अगदी गोदामातल्या स्कॅनरसारखं. युरोपात अशाच तपासण्यांमुळे कळलं की आल्प्समधल्या मोन्टे विसो डोंगराच्या हिरव्या दगडाच्या कुऱ्हाडी हजार किलोमीटरहून दूर, स्कॉटलंडपर्यंत पोचल्या होत्या.

आपल्याकडे हे जरा अवघड आहे, कारण दख्खनचा काळा फत्तर मैलोन्‌मैल साधारण एकसारखाच. पण शेजारी कर्नाटकात, बळ्ळारीजवळच्या संगनकल्लूला डोंगरावर चक्क कुऱ्हाडींचा कारखानाच सापडलाय. साधारण ३,३०० वर्षांपूर्वी तिथे काम जोरात होतं. टवक्यांचे ढीग, अर्धवट सोडलेल्या कुऱ्हाडी, खडकांवर घासून पडलेल्या खाचा, सगळं तिथेच. घासलेल्या कुऱ्हाडी आणि लहान मुलांना मडक्यात पुरण्याची पद्धत दोन्हीकडे दिसते, म्हणून महाराष्ट्र-कर्नाटक संपर्क होता असं अभ्यासक मानतात.

गंमत म्हणजे तोवर आपल्याकडे तांबं आलेलं होतं. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी तांब्याच्या सहा चपट्या कुऱ्हाडी मिळाल्या. पण त्यांनाही दांड्यासाठी भोक नाही, दगडी कुऱ्हाडीसारख्याच त्या दांड्यात बसवायच्या! तांबं दुर्मिळ होतं, त्यामुळे दगड लगेच रिटायर झाला नाही.

तुम्हाला सापडली तर?

विहीर, रस्ता किंवा गोदामाचा पाया खणताना असा दगड निघू शकतो. तो उचलून घरी नेला की ‘कुठला’ हा प्रश्नच मरतो, आणि ऑनलाइन विकला तर कायद्याची भानगडही होऊ शकते. फोनचं लोकेशन चालू करा, शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, आजूबाजूच्या मातीचाही एक घ्या. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा. आणि धुऊ तर अजिबात नका. धारेवरच्या बारीक ओरखड्यांवरून तिने लाकूड तोडलं की आणखी काही, हेही तपासता येतं.