अपघातग्रस्त जुन्या वाहनांतील विद्युत दोषांचे निदान : ‘अर्थ’ जोडणीचे महत्त्व

पेठ वडगावच्या जवळून पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्र. 4, आताचा 48) जातो. उसाच्या गळीत हंगामात या परिसरातील रस्त्यांवर रात्रीही ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते. मागे दिवा नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्या चालकास केवळ स्वतःच्या हेडलाइटमध्येच दिसते. त्यामुळे अपघातानंतर पत्राकाम व रंगकाम होऊन आलेल्या गाडीचे दिवे मंद राहिले, तर तो दोष किरकोळ मानता येत नाही.

1990 च्या दशकाअखेरपर्यंत कुर्ल्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी किंवा जुनी जीप अशा वाहनांत स्कॅनर लावून दोष वाचण्याची सोय नाही. निदान मल्टिमीटर आणि तर्क यांवरच करावे लागते. या वाहनांत बॅटरीच्या धन टोकापासून दिव्यापर्यंत वायर जाते. परतीचा मार्ग मात्र बहुतांशी गाडीचा पत्राच असतो. यालाच व्यवहारात ‘बॉडी अर्थ’ म्हणतात. धडकेत पत्रा चेपतो, अर्थचा स्क्रू सैल होतो; नवा मडगार्ड बसवताना जोडणीच्या जागी लांबी व रंग येतो. रंग हा विद्युतरोधक आहे, ही गोष्ट रंगकामाच्या घाईत सहज विसरली जाते.

येथे एक हिशेब उद्बोधक आहे. 12 व्होल्टवर 60 वॅटचा दिवा 5 अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा तप्त रोध 2.4 ओहम होतो. अर्थच्या जोडणीत केवळ अर्धा ओहम रोध वाढला, तर सुमारे 2 व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. दिव्यास 10 व्होल्ट मिळतात आणि प्रकाश जवळपास निम्म्यावर येतो. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध काही दशांश ओहम असल्याने ओहमच्या मापनात हा दोष सहसा लपून जातो. दिवा बंद असताना व्होल्ट मोजले तरी पूर्ण 12 दिसतात, कारण प्रवाहच नसतो. मग बल्ब, स्विच, कधी संपूर्ण वायरिंग बदलले जाते आणि दोष तसाच राहतो.

खात्रीची पद्धत म्हणजे दिवा चालू ठेवून मोजणे. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकावर व दुसरे दिव्याच्या अर्थ टोकावर ठेवावे. वाचन 0.2 व्होल्टच्या आत असावे. 2 व्होल्ट आल्यास परतीचा मार्ग दोषी ठरतो. हीच कसोटी धन बाजूसही लागू पडते. तुटत आलेल्या वायरीचा एखादाच धागा शिल्लक असेल, तर तोही याच रीतीने उघड होतो.

इंजिनाची अर्थ पट्टी स्वतंत्रपणे पाहणे अगत्याचे आहे. धडकेने इंजिन सरकल्यास ती तुटते. सेल्फ मारताना शेकडो अँपिअरच्या घरातील प्रवाह मग चोक किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापणे, वितळणे ही त्याची खूण होय.

शॉर्टचा प्रश्न वेगळा. इंजिन व केबिन यांमधील पत्र्यातून वायरिंग जाते, तेथील रबर निसटल्यास वायर घासून उघडी पडते. अनेक जुन्या गाड्यांत चार्जिंग व इग्निशनच्या वायरींना फ्यूजच नसतो, म्हणून तपासणीपूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढणे आवश्यक ठरते. फ्यूज वारंवार जात असल्यास त्याच्या जागी जाड तार घालण्याची प्रथा आगीस निमंत्रण देणारी आहे. त्याऐवजी तेथे 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब जोडावा आणि त्या फ्यूजवरील सर्व उपकरणे बंद ठेवावीत. शॉर्ट असेल तोवर बल्ब पूर्ण उजळतो, पण प्रवाह पावणेदोन अँपिअरपुढे जात नाही. वायरिंग जागोजागी हलवत जावे. ज्या ठिकाणी हात लावताच बल्ब विझतो, तेथे आवरण सोलून पाहावे.