एकेचाळीस वर्षांची बोलणी

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर रसायनी नावाचं स्टेशन आहे. हे नाव ना ग्रामदैवतावरून पडलं, ना डोंगरावरून. ते कारखान्यांचं नाव. हिंदुस्तान ऑर्गेनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली आणि तिचा कारखाना इथे पाताळगंगेच्या खोऱ्यात उभा राहिला. अशा वसाहतीत एका जिन्यावर वसईचे कॅथलिक, नगरकडचे प्रोटेस्टंट आणि केरळचे मार्थोमा शेजारी होऊ शकतात. मीठ-साखरेची देवघेव लगेच सुरू होते. रविवारी उपासनेला एकत्र कसं बसायचं, हे मात्र तितकं सोपं नसतं.

याचं मूळ जुन्या वाटणीत आहे. वसईची कॅथलिक मंडळी पोर्तुगीज काळापासूनची. एकोणिसाव्या शतकात परदेशी प्रोटेस्टंट मिशनं आली, त्यांनी एकमेकांच्या पायात पाय नकोत म्हणून बहुतेक ठिकाणी मुलूखच वाटून घेतला. अहमदनगर, सोलापूर, सातारा अमेरिकन मराठी मिशनकडे. कोल्हापूर, मिरज अमेरिकन प्रेस्बिटेरियनांकडे. जालना, नागपूर स्कॉटिश मिशनकडे. नगरमध्ये अँग्लिकनही होते, म्हणजे वाटणी काही काटेकोर नव्हती. तरी पुष्कळदा माणसाचा जिल्हा कळला की पंथ ओळखता येई. स्कॉटलंड-अमेरिकेतली भांडणं बोरीबाभळीच्या गावांत कुणाला ठाऊक नव्हती, पण वेगळ्या पाट्या मात्र वाट्याला आल्या.

त्या पाट्या उतरवण्याची बोलणी उत्तर भारतात १९२९ साली लखनौला सुरू झाली. शेवट झाला आपल्या नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सी.एन.आय.) झाली. दक्षिणेतली मंडळी १९४७ सालीच एक झाली होती; इकडे एवढा उशीर का, याचं उत्तर दोन अवघड गाठींत सापडतं.

पहिली बाप्तिस्म्याची. बॅप्टिस्ट म्हणत, जाणत्या माणसाने स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा. अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन घरांत तान्ह्या बाळाचाही होई. तोडगा निघाला तो दोन्ही रीती एकाच मंडळीत चालू ठेवण्याचा. दुसरी गाठ पाळकांच्या दीक्षेची. अँग्लिकनांना बिशपच्या हातून मिळालेली दीक्षा हवी, बाकीच्यांनी ‘मग आमची खोटी का?’ असं विचारलं तर चूक कोणाची? नागपुरात सगळ्या परंपरांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. कोणाच्या दीक्षेत काय उणं होतं, हे देवावर सोपवलं. काही धर्मपंडितांना ही पळवाट वाटली. मला ती शहाणपणाची वाटते. घरातल्या जुन्या वादात नेमका हिशेब मागणारा माणूसच घर मोडतो.

सगळे आले मात्र नाहीत. वाटाघाटीत असलेले अमेरिकन परंपरेचे मेथॉडिस्ट १९७० सालीच, अगदी तोंडाशी येऊन, बाजूला झाले. त्यामुळे आजही एकाच शहरात सी.एन.आय. आणि मेथॉडिस्ट अशी दोन चर्चं दिसतात.

समित्यांना जमण्याआधी एका कवीने हे आपल्या परीने करून पाहिलं होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तभक्तांना एकत्र बोलावलं. पंथाच्या आधी माणूस, असा तो हिशेब. दोन वर्षांत, १९१९ साली, टिळक गेले आणि दरबार ओसरला. त्यांची पदं मात्र मागे राहिली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात ती आहेत, आणि पंथांच्या भिंती न पाहता मराठी मंडळ्यांत ती गायिली जातात. माझ्या मते नागपूरच्या ठरावाहून जास्त ऐक्य टाळ-पेटीने घडवलं.

कॅथलिकांच्या बाजूने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ऐक्यावर स्वतंत्र दस्तऐवज काढला, तेव्हा संवादाचं दार अधिकृतपणे उघडलं. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह दोन्हीकडचे पाळतात. प्रभुभोजन आणि मिस्सा अजून वेगवेगळेच.

रसायनीचा तो मोठा कारखाना २०१७ साली बंद करायचं केंद्र सरकारने ठरवलं. कारखाने थंडावले की माणसं गावी परततात, मंडळ्या लहान होतात. अशा वेळी ऐक्याचा प्रश्न पेटीवाला कुठून आणायचा आणि दफनासाठी जागेचा अर्ज कोणी करायचा, इथवर येऊन ठेपतो. तहसीलदार कचेरीत त्या अर्जावर पंथाचा रकाना नसतो. सह्या जितक्या जास्त, तितका अर्ज वजनदार.