मानोरा तालुका आणि कारंजा विधानसभा मतदारसंघ

वाशीम जिल्ह्यातील मानोरा येथे तहसील कार्यालय आहे, पंचायत समिती आहे. परंतु मानोरा या नावाचा विधानसभा मतदारसंघ मात्र नाही. येथील मतदार शेजारच्या कारंजा तालुक्यातील मतदारांसमवेत एकच आमदार निवडून देतात. ‘कारंजा’ हा राज्यातील ३५ व्या क्रमांकाचा मतदारसंघ होय.

प्रशासकीय सीमा आणि मतदारसंघाची सीमा या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९०५ मध्ये वाशीम जिल्हा संपुष्टात आला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला. तो शासकीय निर्णय होता. मतदारसंघाची आखणी मात्र परिसीमन आयोग करतो. प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या शक्यतो सारखी असावी, हे संविधानाच्या १७० व्या अनुच्छेदातील तत्त्व तिचा आधार आहे. २००१ च्या जनगणनेवरून केलेली सध्याची आखणी २००८ मध्ये अमलात आली.

तिचा परिणाम लोकसभेच्या बाबतीत विशेष जाणवतो. जुना वाशीम लोकसभा मतदारसंघ संपुष्टात येऊन यवतमाळ-वाशीम मतदारसंघ निर्माण झाला. कारंजा व वाशीम हे विधानसभा मतदारसंघ त्यात गेले, तर याच जिल्ह्यातील रिसोड अकोला लोकसभा मतदारसंघात समाविष्ट झाला. त्यामुळे जिल्हा एक असूनही खासदार दोन, अशी स्थिती आहे.

नव्या आखणीनंतरच्या पहिल्या, २००९ च्या निवडणुकीत कारंजातून राष्ट्रवादी काँग्रेस पक्षाचे प्रकाश डहाके विजयी झाले. २०१४ व २०१९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे राजेंद्र पाटणी निवडून आले. २३ फेब्रुवारी २०२४ रोजी त्यांचे निधन झाले आणि जागा रिक्त झाली.

रिक्त जागा सहा महिन्यांत पोटनिवडणुकीने भरावी, असे लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ चे कलम १५१-क सांगते. तथापि उर्वरित मुदत एक वर्षाहून कमी असल्यास हे बंधन लागू होत नाही. विधानसभेची मुदत नोव्हेंबरमध्ये संपणार असल्याने पोटनिवडणूक झाली नाही. सुमारे नऊ महिने मानोरा व कारंजा या दोन्ही तालुक्यांच्या वतीने सभागृहात प्रश्न मांडणारा त्यांचा स्वतःचा सदस्य नव्हता. नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत भारतीय जनता पक्षाच्या सई डहाके विजयी झाल्या आणि ही पोकळी भरून निघाली.

अशा काळात गावाच्या गरजा नोंदविण्याचे काम थांबता कामा नये. ग्रामसभेचे ठराव आणि पंचायत समितीचे कामकाज आमदाराच्या जागेवर अवलंबून नसते. मात्र सभागृहातील आवाजाची जागा ते घेऊ शकत नाहीत. म्हणूनच मतदारयादीतील प्रत्येक नोंद आणि जनगणनेतील प्रत्येक शिरगणती मोलाची ठरते. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेच्या आकड्यांवर पुढील फेरआखणीची तरतूद संविधानात आहे. आज गावोगावी होणारी अचूक नोंदच उद्याच्या प्रतिनिधित्वाचा पाया होय.