दिलेला गुण आणि मिळविलेला गुण

‘त्याने गुण मिळविला’ या वाक्यात खेळाडू तृतीयेत आहे. ‘प्रतिपक्षाने त्याला गुण मिळवू दिला’ असे म्हणताच तृतीया प्रतिपक्षाकडे जाते आणि खेळाडू चतुर्थीत येऊन बसतो. कृती तीच, गुणफलकावरील आकडाही तोच. मात्र कर्तेपण हात बदलते. अपंग विद्यार्थी-खेळाडूला प्रतिपक्षाने गुण मिळवू द्यावा काय, हा प्रश्न अमेरिकेतील शालेय क्रीडाक्षेत्रात अलीकडच्या काळात वारंवार उपस्थित झाला आहे. व्याकरणाने नीतीचे प्रश्न सुटत नाहीत हे मान्य करूनही, या वादाचे मर्म वरील विभक्तिबदलात आहे असे मला वाटते.

‘मिळवू देणे’ या रचनेत आणखी एक अडचण आहे. ‘देणे’ हे सहायक क्रियापद कधी अनुमती दर्शविते, तर कधी केवळ न अडविणे. ‘पाणी वाहू दे’ म्हणताना आपण काहीच करीत नाही. खेळात मात्र अडविणे हेच प्रतिपक्षाचे विहित कार्य असल्यामुळे तेथे न अडविणे ही तटस्थता राहत नाही. ती स्वतंत्र कृती होते आणि तिचा कर्ता कोण, हे विचारावेच लागते.

या वादातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ओहायो राज्यातील आहे. सप्टेंबर 2002 मध्ये मॅक्डरमट येथील नॉर्थवेस्ट शाळा आणि वेव्हर्ली या संघांत अमेरिकन पद्धतीच्या फुटबॉलचा सामना झाला. नॉर्थवेस्टच्या संघात आनुवंशिक कारणाने बौद्धिक अक्षमता असलेला एक विद्यार्थी होता. तो नियमाने सरावास येई. पण सामन्यात उतरण्याची वेळ त्याच्यावर आली नव्हती. त्याने शेवटच्या क्षणी मैदानात यावे, चेंडू हाती घ्यावा व गुडघा टेकून डाव संपवावा, अशी योजना त्याच्या प्रशिक्षकांनी प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकांना आधीच कळविली होती. वेव्हर्ली 42–0 असे पुढे असताना त्यांच्या प्रशिक्षकांनी त्याहून पुढचा प्रस्ताव मांडला : मुलाला गुण मिळवू द्यावा. चेंडू हाती येताच मुलगा शिकविल्याप्रमाणे गुडघा टेकू लागला. सोबत्यांनी त्याला थांबवून धावण्यास सांगितले. तो गोंधळला, तेव्हा प्रतिपक्षाच्या मुलांनीच वाट मोकळी करून त्याला दिशा दाखविली. तो 49 यार्ड धावला. सामना 42–6 असा संपला.

या प्रसंगाचे वृत्त देशभर पसरले व बहुतेकांनी त्याचे कौतुक केले. मला मात्र त्यातील एक तपशील विशेष विचारार्ह वाटतो. गुडघा टेकून डाव संपविणे ही त्या खेळातील मान्य, नित्याची चाल आहे. ती चाल त्याने सरावात आत्मसात केली होती, आणि ती त्याने केली असती तर ‘त्याने चाल केली’ असे निःशंकपणे म्हणता आले असते. ज्या क्षणी त्याला अधिक मोठे काही देण्यात आले, त्याच क्षणी त्याच्याकडून त्याने कमावलेली लहान गोष्ट काढून घेतली गेली.

हा गुण खरा होता काय? येथे ऑस्टिन यांच्या वाक्कृतिविचाराचा उपयोग होतो. 1955 साली हार्वर्ड येथे दिलेल्या आणि 1962 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी वाक्कृतीच्या विफलतेचे दोन प्रकार कल्पिले. एका प्रकारात कृती घडतच नाही. उदाहरणार्थ, अधिकार नसलेल्याने विवाह लावला तर तो लागत नाही. दुसऱ्या प्रकारात कृती घडते, पण पोकळ राहते; पाळण्याचा हेतू नसता दिलेले वचन हे वचनच असते. ओहायोतील गुण पहिल्या प्रकारात बसत नाही. चेंडू रेषेपलीकडे गेला की गुण होतो. प्रतिपक्षाने जिवापाड अडविलेच पाहिजे असे गुणाचा नियम म्हणत नाही, ते तो गृहीत धरतो. मग तो दुसऱ्या प्रकारातला मानावा काय? तेथेही संकोच वाटतो, कारण पोकळ वचनात कोणीतरी फसविला जातो. येथे दोन्ही संघांना सारे ठाऊक होते आणि प्रेक्षकांपासूनही काही लपून राहिले नाही. माझ्या मते तो खेळाच्या रूपात केलेला सत्कार होता. सत्कार ही वाईट गोष्ट नव्हे. अनेक वर्षे निष्ठेने सराव करणाऱ्याचा सत्कार व्हावा, हे योग्यच आहे. परंतु शाल आणि श्रीफळ मिळाले म्हणजे पद मिळाले, असे आपण समजत नाही.

फेब्रुवारी 2013 मध्ये टेक्सासमधील एल पासो येथे घडलेला प्रसंग वरकरणी असाच आहे. तपासून पाहिल्यास निराळा ठरतो. बास्केटबॉल संघाचा व्यवस्थापक असलेल्या, बौद्धिक अक्षमता असणाऱ्या एका विद्यार्थ्याला अखेरच्या मिनिटांत खेळविण्यात आले. सोबत्यांनी त्याला पुनःपुन्हा चेंडू दिला. त्याचे नेम चुकत राहिले. चेंडू प्रतिपक्षाकडे गेला, तेव्हा तो आत टाकणाऱ्या प्रतिपक्षाच्या मुलाने त्याला नावाने हाक मारली व चेंडू त्याच्याकडेच फेकला. या वेळी नेम लागला. संधी दिलेली होती यात शंका नाही. परंतु बास्केट त्याची त्यालाच करावी लागली, आणि ती चुकूही शकली असती, हे आधीच्या चुकलेल्या नेमांनीच सिद्ध केले होते. न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस अथीना शाळेचा स्वमग्न विद्यार्थी फेब्रुवारी 2006 मध्ये असाच शेवटी मैदानात आला. त्याचे पहिले दोन नेम चुकले. त्यानंतर सुमारे चार मिनिटांत त्याने 20 गुण केले. त्या वाक्यातील तृतीया कोणालाही हलविता येणार नाही.

यावरून अपंगांसाठी खेळात काहीच बदलू नये असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो चुकीचा होईल. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाने जानेवारी 2013 मध्ये शाळांना पाठविलेल्या पत्रात दोन बोलकी उदाहरणे होती. कर्णबधिर धावपटूसाठी पिस्तुलाच्या आवाजाबरोबर दृश्य खूणही करावी. एकच हात असलेल्या जलतरणपटूस, शर्यत संपविताना दोन्ही हातांनी भिंतीला स्पर्श करण्याचा नियम शिथिल करावा. तत्पूर्वी 2001 मध्ये, पायाच्या व्याधीने ग्रस्त असलेल्या केसी मार्टिन या गोल्फपटूस स्पर्धेत गाडी वापरू द्यावी, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी दिला. चालणे हे गोल्फचे सार नव्हे, असे बहुमत होते. या सर्व उदाहरणांत नियम हलतो, प्रतिस्पर्धी हलत नाही. शेजारच्या मार्गिकेतला पोहणारा जीव तोडूनच पोहतो.

आपल्या भाषांत या प्रश्नाचे एक जुने उत्तर आहे. लहान मुलाला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, अशा गड्याला मराठी मुले ‘लिंबू-टिंबू’ किंवा ‘कच्चे लिंबू’ म्हणतात. बंगालीत तो ‘दुधभात’ आहे. तमिळमध्ये अशा गड्यास ‘ओप्पुक्कु चप्पाणि’ म्हणतात, म्हणजे नावापुरता घेतलेला पांगळा. तमिळ शब्दाने जे उघड बोलून दाखविले, ते आपल्या लिंबाने झाकून ठेवले आहे, इतकाच फरक. ‘कच्चे’ या विशेषणात मात्र एक आश्वासन आहे : लिंबू पुढे पिकणार. लहान मूल मोठे होते व लिंबूपण संपते. अपंग मुलाचे लिंबूपण कोणी संपवावयाचे, याविषयी हा शब्द मौन पाळतो.

आमच्या आळीत पोलिओने एक पाय अधू झालेला एक मुलगा होता. डबा ऐसपैसमध्ये तो कायमचा लिंबू-टिंबू. आम्ही त्याला सापडू देत असू, आणि सापडल्यावर सोडूनही देत असू. यात आपण फार चांगले वागतो अशी आमची समजूत होती. एके दिवशी त्याने विचारले, “माझ्यावर राज्य का येत नाही?” कोणालाच उत्तर सुचले नाही, म्हणून त्या दिवशी राज्य त्याच्यावर दिले. डबा पुनःपुन्हा उडविला गेला, दिवेलागण झाली, तरी राज्य उतरले नाही. तो रडकुंडीला आला, आम्हांला शिव्या दिल्या, आणि उरलेले राज्य उद्या घेईन असे बजावून घरी गेला. दुसऱ्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा तो डबा घेऊन आधीच येऊन उभा होता.