रोजगार हमी आणि मजुरीचा दर

१९७७ च्या अधिनियमाने महाराष्ट्रातील ग्रामीण प्रौढांच्या कामाच्या मागणीस कायद्याचा आधार दिला. पुढे १९८८ मध्ये शेतमजुरांचे किमान वेतन वाढले, तशी रोजगार हमी योजनेतील मजुरीही वाढली. परंतु कामावरील उपस्थिती घटली. या घटीवरून बेकारी ओसरली असे अनुमान काढणे युक्त नव्हे; कारण दर वाढला असता कामाची मागणी वाढणे स्वाभाविक होय. राव्हॅलियन, दत्त व चौधुरी यांच्या १९९३ मधील अभ्यासात, मागणीच्या मानाने काम अपुरे पुरविले गेल्याची चिन्हे आढळली. मजुरीच्या प्रमाणात निधी न वाढल्यास हमी कागदावरच उरते. म्हणून उपस्थितीस बेकारीचे मापक मानण्यापूर्वी, मागूनही काम न मिळालेल्यांची गणना होणे अवश्य आहे.