शेण आपलं, गॅस आपला, मग गाळणी कुणाची?

गेल्या काही महिन्यांत आपल्या बऱ्याच गटांच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. कुणीतरी गाडी घेऊन येतं, जवळपास बायोगॅसचा मोठा प्रकल्प होणार म्हणतं, आणि शेण द्या, नेपियर गवत लावा, असं सांगून जातं. दर विचारला तर येणाऱ्या प्रत्येकाचा वेगळा. आम्ही समन्वयक जिथे जातो तिथे बायका विचारतात, "ताई, शेणाला खरंच एवढा भाव परवडतो का?" या प्रश्नाचं निम्मं उत्तर शेणात आहे आणि निम्मं गॅस शुद्ध करणाऱ्या यंत्रात. ते यंत्र फारसं कुणी समजावून सांगत नाही. म्हणून आज त्याविषयी आणि त्याच्या जगभरातल्या बाजाराविषयी बोलू.

परसातल्या गोबर गॅसमध्ये जळणारा वायू, म्हणजे मिथेन, शंभरात साधारण ५५ ते ६० भाग असतो. उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड, तो जळत नाही. शिवाय पाण्याची वाफ, आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड. चुलीला एवढा गॅस पुरतो. पण गाडीत भरायचा तर आपल्या भारतीय मानकाप्रमाणे मिथेन शंभरात किमान ९० भाग हवा. असा शुद्ध करून दाबलेला गॅस म्हणजे सीबीजी, तो सीएनजीच्या जागी चालतो. शुद्ध करायच्या रीती अनेक आहेत. कुणी पाण्याने धुतं, कुणी रसायनात शोषून घेतं, कुणी खास दाण्यांवर नको तो वायू धरून ठेवतं. करोनाच्या काळात दवाखान्यांत ऑक्सिजनचे प्रकल्प बसले, ते या दाण्यांच्या रीतीचे. आणि चौथी रीत मेम्ब्रेनची.

मेम्ब्रेन हा शब्द आपल्याला आरओच्या पाण्यामुळे माहीत आहे. मशीन दुरुस्तीला आलेला माणूस "मेम्ब्रेन गेलं" म्हणतो आणि बिल वाढतं, तेच. वायूचं मेम्ब्रेन त्याच घराण्यातलं. मात्र इथे चाळणीची भोकं डोळ्यांपुढे आणू नका. जत्रेतून आणलेला गॅसचा फुगा आठवा. रात्री छताला टेकलेला असतो, सकाळी जमिनीवर लोळतो. गाठ घट्ट, भोक कुठेच नाही, तरी आतला हलका वायू रबरातून झिरपून गेलेला असतो. वेगवेगळ्या वायूंचे फुगे वेगवेगळ्या वेगाने बसतात, हे फिलाडेल्फियाच्या जॉन मिचेल यांनी १८३१ सालीच नोंदवलं होतं. पुढे १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी रबराच्या पातळ पडद्यातून हवा ओढून जास्त ऑक्सिजनची हवा मिळवली. वायू आधी त्या पडद्यात विरघळतो, मग पलीकडे बाहेर पडतो. कार्बन डायऑक्साइड हे काम चटकन करतो, मिथेन रेंगाळतो. म्हणून दोघांची फाटाफूट करता येते.

हे मेम्ब्रेन बनवायची रीत आपल्याला सहज कळेल अशी आहे. चांगल्या प्रतीचं प्लास्टिक द्रावणात विरघळवून सोऱ्यातून शेव पाडावी तसं पाडतात. शेव तेलात पडते, ही पाण्यात पडून घट्ट होते. फरक एवढाच, की ही शेव केसासारखी बारीक आणि आतून पोकळ असते. असे हजारो पोकळ केस एका नळकांड्यात भरतात. कच्चा गॅस दहा ते सोळा पट दाबाने आत सोडला, की कार्बन डायऑक्साइड केसांच्या भिंतीतून निघून जातो आणि मिथेन दुसऱ्या टोकाला हाती येतो. थोडा मिथेनही भिंतीतून निसटतोच. म्हणून चांगल्या प्रकल्पात दोन-तीन टप्पे लावून निसटलेला गॅस पुन्हा फिरवतात. तीन टप्प्यांत शंभरातला ९९ भाग मिथेन वाचवता येतो. एकाच टप्प्यात भागवलं तर यंत्र स्वस्त पडतं, पण गॅस हवेत जातो. तो पैशाचा तोटा आणि हवामानाचाही, कारण मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरून ठेवणारा वायू आहे.

आता बाजार. गंमत म्हणजे या धंद्याची पहिली मोठी गिऱ्हाइकं खताच्या कारखान्यांतली. युरियासाठी अमोनिया लागतो. तो बनवताना वाया जाणाऱ्या वायूतून हायड्रोजन परत मिळवायला अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने १९८० च्या सुमारास 'प्रिझम' नावाची मेम्ब्रेन विकायला आणली. बियाण्यांमुळे आपल्याला ठाऊक असलेली तीच ही कंपनी. मग इतर कंपन्या हवेतून नायट्रोजन वेगळा काढू लागल्या. तो फळांच्या साठवणीला आणि आग लागू नये म्हणून तेलाच्या टाक्यांना लागतो. या क्षेत्रातले जाणकार रिचर्ड बेकर यांनी २००२ मध्ये लिहिलं, की २००० साली हा सगळा बाजार सुमारे १५ कोटी डॉलरचा होता आणि त्यातला निम्मा नायट्रोजनचा. आजचे अहवाल शंभर कोटी डॉलरच्या पुढचे आकडे सांगतात. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आणि असा एकेक अहवाल हजारो डॉलरला विकला जातो. आमच्या मते आपण त्या आकड्यांच्या नादी लागू नये. आपल्या कामाची गोष्ट ही, की विकणारे मोजकेच आहेत. जर्मनीची इव्होनिक, तिचे केस ऑस्ट्रियात बनतात. फ्रान्सची एअर लिक्विड, अमेरिकेची एअर प्रॉडक्ट्स, जपानची उबे. आणखी थोडी नावं घेतली की यादी संपत आली.

आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत अशा मेम्ब्रेनवर वर्षानुवर्षं संशोधन झालं आहे. पण प्रयोगशाळेतला तुकडा आणि कारखान्यात रोज पडणारे लाखो केस यात मोठं अंतर असतं, आणि जुन्या कंपन्यांची खरी कमाई त्या अंतरातच आहे. त्यात २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियाचा गॅस टाळण्यासाठी युरोपने २०३० पर्यंत वर्षाला ३५ अब्ज घनमीटर शुद्ध बायोगॅस बनवायचं ठरवलं. म्हणजे आपला प्रकल्पवाला ज्या दुकानासमोर उभा आहे, तिथे युरोपची रांग आधीच लागलेली आहे. मेम्ब्रेनवर भरवसा ठेवणाऱ्या प्रकल्पाला नळकांडं डॉलर-युरोच्या भावाने घ्यावं लागतं. काही वर्षांनी ते बदलावंही लागतं. गॅसमधला गंधक, ओल किंवा कॉम्प्रेसरचं तेल आधी नीट काढलं नाही, तर फारच लवकर.

इकडे आपल्या सरकारने ऑक्टोबर २०१८ मध्ये 'सतत' योजना आणली. २०२३ पर्यंत ५,००० प्रकल्प असं लक्ष्य होतं. मुदत उलटली तेव्हा त्यातले फारच थोडे उभे होते. आता शहरांतल्या गॅस कंपन्यांना सीबीजी मिसळणं बंधनकारक केलं आहे. २०२५-२६ ला शंभरात १ भाग, आणि वाढत वाढत २०२८-२९ पासून ५ भाग. गाड्या गावात येऊ लागल्या त्यामागे हेही एक कारण आहे.

वही काढा, हिशोब करू. एका जनावराचं रोजचं शेण दहा किलो धरलं तर शंभर जनावरांचं एक टन. किलोला साधारण ४० लिटर गॅस, म्हणजे टनाला ४० घनमीटर. तो शुद्ध केल्यावर हाती सुमारे १६ किलो सीबीजी. 'सतत' सुरू झाली तेव्हाचा दर किलोला ४६ रुपये होता, म्हणजे ७३६ रुपये. पुढे दर वाढले आणि सीएनजीच्या दराशी जोडले गेले, पण ७० रुपये धरले तरी ११२० होतात. यातून वीज, मजुरी, कर्जाचा हप्ता आणि ते परदेशी नळकांडं भागवायचं. मग कुणी शेणाला किलोमागे दोन रुपये, म्हणजे टनाला २००० देतो म्हणाला, तर तो गॅसमधून देणार नाही हे उघड आहे. छत्तीसगडमध्ये २०२० साली शेण दोन रुपयांनी घेतलं जायचं खरं, पण ते सरकारी योजनेतून, मुख्यतः गांडूळ खतासाठी.

खत हीच दुसरी मिळकत आहे. गॅस काढल्यावर शेणातलं नत्र, स्फुरद, पालाश बहुतेक तसंच राहतं. अशा प्रकल्पांच्या सेंद्रिय खताला टनामागे १५०० रुपये मदत केंद्राने २०२३ मध्ये मंजूर केली. म्हणून पुढच्या वेळी गाडी आली, की नुसत्या शेणाच्या दरावर घासाघीस करू नका. आमचं शेण गेल्यावर आमच्या वावराला काय? स्लरी परत मिळणार का, किती, कुणाच्या ट्रॅक्टरने, हे विचारा. गॅस शुद्ध करायची रीत कोणती, मेम्ब्रेन असेल तर किती टप्प्यांचं, बदलायचा खर्च हिशोबात धरलाय का, हेही विचारा. यंत्र बंद पडलं तर नेपियर कोण उचलणार, हा प्रश्न तर लेखीच घ्या. ते गवत उभं राहून जरड झालं की गुरंही तोंड लावत नाहीत. ज्याला उत्तरं माहीत असतात तो बसून सांगतो. "ते इंजिनियर बघतील" म्हणणाऱ्याला इंजिनियर घेऊन यायला सांगा.

शेवटी, परसात गोबर गॅस असलेल्या बऱ्याच जणी विचारतात ते. घरचा जास्तीचा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये भरता येईल का? नाही. सिलिंडरमधला एलपीजी थोड्या दाबाने पातळ होतो, म्हणून १४ किलो मावतो. मिथेन तसा पातळ होत नाही. त्याच टाकीत तेवढ्याच दाबाने गोबर गॅस भरला तर एक शेगडी तासभरही धड चालणार नाही, आणि त्यातला गंधक टाकी आतून गंजवेल. सीएनजीची टाकी २०० पट दाबाची असते, ती वेगळ्या जाडीची आणि परवान्याची. घरगुती गॅससाठी मेम्ब्रेन नको, कॉम्प्रेसरही नको. वास फार येत असेल तर पाइपमध्ये लोखंडाच्या किसाचा डबा बसवून घ्या, आणि पाइपला उतार देऊन खालच्या टोकाची पाण्याची तोटी आठवड्याला सोडत जा.