उन्हात वाकणारी होडी

मे महिन्यात परतवाड्यात भरदुपारी गच्चीवर जाऊन पाण्याच्या काळ्या टाकीला हात लावला, तर चटका बसतोच. शिवाय टाकी रिकामी असेल तर तिची भिंत हिवाळ्यापेक्षा सहज आत दबते. चार विटांवर टेकवलेल्या टाकीचा तळ कालांतराने विटांमधल्या मोकळ्या जागेत खाली उतरलेला दिसतो. टाकी फुटलेली नसते, गळतही नसते. तिचा आकार मात्र बदललेला असतो. ज्या पदार्थाची ही टाकी, त्याच पदार्थाच्या आणि त्याच पद्धतीने घडवलेल्या होड्याही असतात. टाकीचे हे दुखणे त्यांनाही जडते. फरक एवढाच, की होडीत माणसे बसलेली असतात.

वल्ह्याने चालवायच्या लांबट, उघड्या होडीला कॅनो म्हणतात. प्लास्टिकच्या कॅनोची नेहमीची तक्रार म्हणजे तिचा तळ पाण्यात वर-खाली होतो. पंधरा किलोच्या तेलाच्या रिकाम्या डब्याची बाजू अंगठ्याने दाबली की ती ‘टक्’ करून आत जाते आणि सोडली की बाहेर येते, तसाच हा प्रकार. कारण सोपे आहे. बैठक होडीच्या दोन्ही काठांना अडकवलेली असते, त्यामुळे बसणाऱ्याचे वजन बाजूंवर जाते. पाणी मात्र संपूर्ण तळाला खालून वर ढकलत असते. मधल्या रुंद, सपाट भागाला वरून आधार नसतो. तो वर उचलला जातो आणि प्रत्येक लाटेबरोबर हलतो. वल्ह्याची काही ताकद होडी पुढे नेण्याऐवजी तळ हलवण्यात खर्च होते. होडी जड वाटते, सरळ रेषेत ठेवताना दमछाक होते.

चिवट, पण ताठ नाही

हा पदार्थ म्हणजे पॉलिथिलीन. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांना वेगळाच प्रयोग करताना तो योगायोगाने सापडला. पुढे १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली अधिक घट्ट बांधणीचे पॉलिथिलीन बनवण्याची पद्धत शोधली. १९६३ मध्ये ज्युलिओ नट्टा यांच्यासह त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. टाकी किंवा होडी घडवताना पॉलिथिलीनची भुकटी धातूच्या पोकळ साच्यात भरतात आणि साचा भट्टीत फिरवत ठेवतात. भुकटी वितळून साच्याला आतून सगळीकडे चिकटते. थंड झाल्यावर बिनसांध्याची, एकसंध वस्तू बाहेर येते.

अशी होडी दगडावर आपटली तरी सहसा फुटत नाही, कुजत नाही, तिला वाळवी लागत नाही. पण चिवटपणा आणि ताठपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परतवाड्याच्या लाकूड आगारात मेळघाटचा साग येतो. त्या सागाची फळी तेवढ्याच जाडीच्या पॉलिथिलीनच्या पट्टीपेक्षा दहापटीहून अधिक ताठ असते. म्हणजे प्लास्टिकच्या होडीचे वाकणे हा दर वेळी निकृष्ट मालाचा पुरावा नसतो. वाकणे हा या पदार्थाचा स्वभावच आहे.

मग जाडी वाढवावी, असे कुणालाही वाटेल. जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट होते. पाच मीटर लांबीची प्लास्टिक कॅनो आधीच ३५ ते ४० किलोंच्या घरात असते. म्हणून कारखानदार दोन युक्त्या वापरतात. एक, आत-बाहेर घट्ट थर आणि मध्ये फेसाळ, हलका थर ठेवायचा. वजन फार न वाढता जाडी मिळते. दुसरी युक्ती आकाराची. सपाट पत्रा हाताने वाकतो, तोच नालीदार केला की छपरावर माणसाचे वजन पेलतो. तळाला हलकी गोलाई दिली किंवा लांबीच्या दिशेने कणे काढले, की तीच जाडी कितीतरी कमी वाकते.

ऊन आणि वेळ

वऱ्हाडात यात उन्हाची भर पडते. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना उन्हात पडलेल्या गडद रंगाच्या प्लास्टिकचा पृष्ठभाग ६० अंशांच्या वर जातो. पॉलिथिलीन वितळायला साधारण १२० ते १३० अंश लागतात, त्यामुळे होडी वितळण्याची भीती नाही. पण ६० अंशांवर त्याचा ताठपणा नेहमीच्या तापमानाच्या तुलनेत निम्म्याहून खाली येतो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याच्या थंड हवेत घट्ट वाटणारी होडी परतवाड्यात उतरवून अंगणात ठेवली तर मऊ वाटेल, ती यामुळेच.

दुसरी भर वेळेची. पॉलिथिलीनचे रेणू शेवयांच्या गुंत्यासारखे लांबलचक असतात. त्यांच्यावर सतत भार राहिला तर ते एकमेकांवरून हळूहळू सरकतात आणि पदार्थ नव्या आकारात स्थिरावतो. अभियंते याला ‘क्रीप’ म्हणतात. कपडे वाळत घालायची प्लास्टिकची दोरी सैल पडते आणि जुन्या खुर्चीचे पाय फाकतात, तेही यानेच. ऊन आणि भार एकत्र आले की हे सरकणे वेगाने होते. म्हणून प्लास्टिकच्या होडीचा तळ पुष्कळदा पाण्यात नव्हे, काठावर बिघडतो. दोन दगडांवर टेकवलेली, दोरीने करकचून बांधलेली किंवा पावसाचे पाणी साचू दिलेली होडी उन्हाळाभर पडून राहिली, की खोलगा कायमचा होतो.

लाकडी नावेचा नियम नेमका उलटा आहे. ती कोरडी पडली तर फळ्यांचे सांधे उघडतात, म्हणून जाणकार तिला ओली ठेवतात. प्लास्टिकच्या होडीला मात्र सावली लागते.

धोका कुठे?

तळ थोडा हलतो म्हणून होडी बुडत नाही. धोका सुरू होतो तो एकाच रेषेवर वारंवार दुमड पडल्यावर. तिथे आधी पांढुरकी रेघ उमटते, मग तीच चिरते. बैठकीच्या आणि आडव्या दांड्यांच्या बोल्टभोवती अशा रेघा आधी शोधाव्यात. पॉलिथिलीनवर इपॉक्सीचा लेप किंवा साधा डिंक नीट धरत नाही. भेग त्याच प्लास्टिकच्या कांडीने, उष्णतेने सांधावी लागते.

त्याहून फसवी अवस्था म्हणजे वर्षानुवर्षे उन्हात राहून रंग उडालेली, हात लावला की पांढरी पूड लागणारी होडी. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी तिचे रेणू तुटलेले असतात. ती आता वाकत नाही, म्हणून मजबूत वाटते. प्रत्यक्षात ती ठिसूळ झालेली असते. वाकणारी होडी त्रास देते, ठिसूळ होडी भर पाण्यात तडकते. विदर्भातल्या तलावांवर काही मासेमार आजही थर्माकोलच्या पाट्यांवर किंवा हवा भरलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकताना दिसतात. त्यांच्यापैकी कुणी पैसे जमवून प्लास्टिकची होडी घेतली, तर ती किती वर्षे टिकते यावर घर चालते आणि जीवही.

काळजी कशी घ्यावी?

होडी सावलीत, पालथी ठेवावी. तिचा भार तळावर नव्हे, काठांवर यावा. आधार रुंद असावेत आणि दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर असावेत. गाडीवर नेताना बारीक दोरीऐवजी रुंद पट्टा वापरावा आणि मुक्कामी पोहोचताच सैल करावा. हलणाऱ्या तळावर बैठकीखाली घट्ट फोमचा ठोकळा खांबासारखा बसवला तर मधल्या भागाला आधार मिळतो. खोलगा पडलाच तर होडी थोडा वेळ उन्हात तापू द्यावी किंवा त्यावर गरम पाणी ओतावे, आतून हळूहळू दाबून आकार द्यावा आणि थंड होईपर्यंत दाब सोडू नये. ज्या उष्णतेने आकार बिघडतो, तीच तो सुधारतेही. आगीची ज्योत मात्र जवळ नेऊ नये. आणि होडी कितीही चांगली असली तरी अंगात लाइफ जॅकेट हवेच.

गच्चीवरच्या टाकीलाही हाच न्याय लागू पडतो. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ते चार विटांवर नव्हे, तळाएवढ्या सपाट, पक्क्या ओट्यावर टेकायला हवे. पुढचा उन्हाळा येण्याआधी एकदा टाकीखाली वाकून पाहिले तरी पुरे.